पुढचं घर, मागचं घर : वायफायच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

शाळेत पोरांना सांगते की प्रयोगाला हात घालायच्या आधी वही उघडा. म्हणून ही वही.

काल रात्री आमचे दुकानदार, म्हणजे आमचे हे, पुढं दुकानात बसलेले, मी मागच्या खोलीत पेपर तपासत. खताच्या बिलांची फाईल त्यांनी व्हॉट्सॲपवर टाकली, "बेरीज बघ" म्हणून. मी बघितली, दुरुस्त केली, व्हॉट्सॲपवर परत टाकली. त्यांनी उतरवून घेऊन प्रिंट काढली. आम्हा दोघांत अंतर बावन्न फूट, आज टेपनं मोजलं. फाईल मात्र औशातून (लातूर जिल्ह्यातलं आमचं गाव) निघाली, कुठल्या कुठं जाऊन आली आणि परत औशातच उतरली. शेजारच्या खोलीत निरोप द्यायला पोस्टात पत्र टाकण्यातला प्रकार. आणि नेट बंद असलं की बेरीज उद्यावर.

काम ठरलं ते असं: घरातले तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर एकमेकांना दिसले पाहिजेत, बाहेरचं नेट असो वा नसो. अंगणातून वायरी लोंबकळायला नकोत, सगळं वायफायवर. (हा हट्ट किती दिवस टिकतो ते पुढच्या पानांवर कळेलच.)

घराचा नकाशा सांगायला पाहिजे, कारण सगळी अडचण त्यातच आहे. पुढं १९९६ साली बांधलेलं स्लॅबचं घर, रस्त्याच्या तोंडाला आमच्या कृषी सेवा केंद्राचं शटर. मग अंगण, त्यात हौद आणि कडुनिंब. त्याच्या मागं जुनं घर, दगडमातीच्या भिंती, जाडी पावणेतीन फूट. त्यावर पूर्वी माळवद होतं. १९९३ च्या भूकंपानंतर वरची माती उतरवून पत्रे टाकले. माझं टेबल, मोठीची बारावीची खोली आणि बारक्याचा पसारा या मागच्या घरात.

सामान: दुकानाचा कॉम्प्युटर, विंडोज ७ वाला, त्यात वायफायच नाही, डब्याला (नेटची काचेची तार, म्हणजे फायबर, जिथं येते तो वायफायचा डबा) छोट्या केबलनं जोडलेला. त्याच्याशेजारी लेझर प्रिंटर, तोही साध्या यूएसबीचा. माझा लॅपटॉप, विंडोज ११. आणि एक मोडीत निघालेला कॉम्प्युटर, ज्यावर मी दिवाळीच्या सुट्टीत विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स मिंट टाकलं. मोठीच्या क्लासचे रेकॉर्ड केलेले तास, जवळजवळ ४०० जीबी, त्याला लावलेल्या हार्ड डिस्कवर आहेत. माळ्यावर एक जुना राऊटरही पडलाय, फायबर यायच्या आधीचा.

३ डिसेंबर, मंगळवार

फोनवर सिग्नल मोजायचं ॲप टाकलं आणि घरभर फिरले. आत्यांनी विचारलं, "काय हुडकू लालीस माय?" आकडे असे, वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झवर:

डब्याजवळ उणे ३६. हौदाजवळ उणे ५९. मागच्या दाराबाहेर उणे ६४. आत दोन पावलं टाकून भिंतीच्या आडोशाला उणे ७९. टेबलावर उणे ८४.

हे डेसिबलचे आकडे. १० नं खाली गेलं की ताकद दहापट कमी. म्हणजे दारातून भिंतीआड गेल्यावर १५ डेसिबल गेले, ताकद तीसपटीहून कमी झाली. सबंध अंगण ओलांडताना जेवढं गेलं नाही तेवढं एका भिंतीनं खाल्लं, असं लिहायचा मोह होतो, पण हिशेबात ते खोटं आहे: डब्यापासून दारापर्यंत २८ गेलेत. फरक एवढाच की ते बावन्न फुटांत गेले, हे तीन फुटांत.

५ गिगाहर्ट्झची गत अजून वाईट. अंगणापर्यंत झकास, मागच्या घरात नावच दिसत नाही. लहर जितकी आखूड तितकी भिंत तिला जड. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर, ५ ची सहाच्या आसपास. वर पत्रे, पत्र्यावर आपटून लहर परत फिरते, म्हणजे वरून येण्याचीही सोय नाही.

फुकटातले दोन उपाय आज केले. डबा लोखंडी कपाटामागं होता. बसवणारा म्हणाला होता, यापुढं वायर पुरत नाही. कपाट सरकवलं तर मागं बारा फूट फायबर गुंडाळून ठेवलेलं! अंगणाकडच्या खिडकीच्या वर डबा नेला. फायबर काटकोनात मोडू दिलं नाही, बांगडीएवढा बाक ठेवला; आतली काच तुटली नाही तरी तीव्र बाकातून उजेड गळतो. दुसरं, शेजारच्या वायफायची सात नावं दिसतात, त्यातली पाच चॅनल ६ वर. आपल्याकडं या पट्ट्यात १३ चॅनल आहेत खरे, पण एकेक चॅनल २० मेगाहर्ट्झ रुंद आणि दोघांतलं अंतर पाचच, त्यामुळं एकमेकांच्या पायात न येणारे तीनच: १, ६ आणि ११. मी ११ घेतला.

टेबलावर उणे ८४ चं उणे ७७ झालं. ताकद पाचपट, खर्च शून्य. पण व्हिडिओ अजून अडखळतोच.

७ डिसेंबर, शनिवार

शाळेतल्या एका बाईंकडून रिपीटर आणला, म्हणजे सिग्नल ऐकून पुढं फेकणारं यंत्र. अंगणाच्या खिडकीत लावला. टेबलावर फोनमध्ये सगळ्या कांड्या भरल्या, मोठी खूश.

मग आयपर्फ चालवलं. हे दोन कॉम्प्युटरमध्ये खरी किती वाट आहे ते मोजतं, नेटशी त्याचा संबंध नाही. पुढच्या खोलीत लॅपटॉप ते दुकान: ५८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). टेबलावर रिपीटरशिवाय: ४ ते ७. रिपीटर लावून: १४, मधेच ६.

कांड्या भरल्या, वाट रुंद झाली नाही. रिपीटर तोच एक चॅनल वापरून ऐकतो आणि त्यावरच बोलतो, दोन्ही एकाच वेळी करता येत नाही. प्रत्येक शब्द हवेतून दोनदा जातो, म्हणून निम्मं आधीच गेलं. उरलेलं हौदाशेजारच्या मोटारीच्या लोखंडी पेटीनं खाल्लं असावं. रिपीटर सोमवारी परत.

८ डिसेंबर, रविवार

वायरलेससाठी वायर. हट्ट सात दिवस टिकला.

विचार असा: माळ्यावरचा राऊटर मागच्या घरात आतच ठेवायचा, आणि पुढच्या डब्यापासून त्याच्यापर्यंत एक लॅन केबल (घरातली यंत्रं एकमेकांना जोडणारी तार) न्यायची. भिंत ओलांडायचं काम तांबं करेल, खोलीतलं काम हवा करेल. पत्र्याचाही मग फायदाच; आतली लहर आतच घुमेल.

प्रश्न भोकाचा. वायरमन ड्रिल घेऊन आला आणि मामा, म्हणजे माझे सासरे, दारात उभे राहिले. "त्या भितीला हात लावायचा न्हाई."

मला आधी वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हेका. मग त्यांनी बसवून सांगितलं. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला हादरा बसला. माणसं भूकंपानं कमी आणि आपल्याच भिंतींखाली जास्त मेली. या भागातली भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती खरं म्हणजे दोन भिंती: बाहेरच्या दगडांची एक ओळ, आतल्या दगडांची एक ओळ, मधे माती आणि गिट्टी. दोन्ही ओळींना आरपार बांधणारे लांब दगड पुष्कळ ठिकाणी घातलेलेच नसतात. हादरा बसला की भिंतीला पोट सुटतं, दोन्ही ओळी दोन दिशांना, आणि वर फूट-दीड फूट मातीचं माळवद. मामांनी त्या वेळी या घराचं माळवद उतरवताना किती टोपल्या माती निघाली ते मोजलं होतं म्हणे. "तुझं मशीन थरथरवणार. आतली माती सरकली तर कुणाला कळणार हाय?"

विज्ञानाची बाई मी, आणि हे मला सुचलं नव्हतं. वायरमनला चहा पाजून परत पाठवला.

वाट मामांनीच दाखवली. दारावर पत्रे जिथं भिंतीवर टेकतात तिथं चार बोटं फट आहे, पारवे शिरू नयेत म्हणून तिच्यात बारदाना कोंबलेला. तो काढला तर हात आरपार. एकतीस वर्षांपासून भोक तिथंच होतं.

१४ डिसेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर लातूर. पहिल्या दुकानात कॅट ६ जातीची लॅन केबल म्हणून जी दाखवली तिचा तारेचा तुकडा ब्लेडनं खरवडला. वर तांब्याचा रंग, आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असली तार वाकवल्यावर लवकर तुटते. दुसऱ्या दुकानात आतबाहेर तांब्याची मिळाली, बाहेर वापरायची, काळ्या आवरणाची, ३० मीटर. मर्यादा १०० मीटरची असते, त्यामुळं चिंता नाही. केबलच्या टोकाचे जॅक दहा घेतले, लागतील दोन. (स्वतःवर फार भरवसा नाही.) क्रिंपरही घेतला, जॅक दाबून बसवायची पक्कड. येताना गंजगोलाईत शिरले, बारक्यासाठी स्वेटर घ्यायचा होता. तिथल्या सोळा रस्त्यांतून नेमका आपल्याला हवा तोच रस्ता पकडून बाहेर पडणं मला अजून जमत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

केबल टाकली. सगळी पीव्हीसी पाईपमधून, कारण वानरं. कडुनिंबावरून पत्र्यावर उड्या मारतात आणि लोंबतं ते सगळं ओढून बघतात. डिश अँटेनाची वायर दोनदा गेलीय. पाईप अंगणाच्या कडेनं, विजेच्या वायरपासून हातभर लांब. दारावरच्या फटीतून आत, पुन्हा बारदाना कोंबला.

जॅक बसवताना मोठी रंग वाचत होती आणि मी तारा लावत होते: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तिनं विचारलं, हिरव्याची जोडी फोडून मधे निळी कशाला घातली? चांगला प्रश्न. जुन्या टेलिफोनची जोडी जॅकच्या मधल्या दोन पिनांवर असायची, तिची जागा निळ्या जोडीनं राखली, म्हणून हिरवीला दोन्हीकडं बसावं लागलं.

जोडलं. दिवा लागला. आयपर्फ: ९४.

केबल गिगाबिटची, हजार एमबीपीएसची, म्हणजे नऊशेच्या वर यायला पाहिजे. ९४ म्हणजे जोडणी १०० वर अडकलीय. शंभराला चारपैकी दोनच जोड्या पुरतात, हजाराला चारही लागतात. म्हणजे निळी किंवा तपकिरी कुठंतरी टेकत नाही. जॅक कापला, नवा बसवला. ९४. दुसऱ्या टोकाचा कापला. ९४. परत पहिल्या टोकाचा. ९४. रात्रीचे साडेदहा, पुढून आवाज, "जेवणार हाव का न्हाई?"

१६ डिसेंबर, सोमवार

आज शाळेतून आल्यावर केबलचं टोक राऊटरमधून काढून सरळ लॅपटॉपला लावलं. १ जीबीपीएस, लगेच. मग माळ्यावरच्या राऊटरच्या बुडाशी चिकटवलेला कागद वाचला: १०/१००. त्याची भोकंच शंभराची आहेत. कालचा पहिला जॅकही बरोबर होता, दुसराही, तिसराही.

मार्जिनमध्ये लाल पेननं: आधी लेबल.

९४ आपल्याला भरपूर आहे. व्हिडिओला पाच-आठ लागतात.

१७ डिसेंबर, मंगळवार

मागच्या घरात नेट आलं, घर मात्र दिसेना.

सवयीनं मी केबल राऊटरच्या निळ्या भोकात घातली होती, ज्यावर इंटरनेट लिहिलंय. मागं फोन, लॅपटॉप, सगळं जोरात. पण दुकानाचा कॉम्प्युटर सापडत नाही. पत्ते बघितले तेव्हा उलगडा झाला. पुढं दुकानाचा पत्ता १९२.१६८.१.५, मागं माझा १९२.१६८.०.१०१. दोन वेगळ्या गल्ल्या. निळ्या भोकातून जोडलं की राऊटर मागच्या घराचा वेगळा संसार थाटतो. त्याच्या दारातून बाहेर जाता येतं, बाहेरच्याला आत येता येत नाही, आणि बाहेरच्यात आपलंच पुढचं घर धरलं जातं. वाटणी झाल्यासारखं.

आमच्या दुकानदारांना हे सांगितलं. ते म्हणाले, "नेट चालू झालं ना? मग झालं की." वहीत हे जसंच्या तसं लिहून ठेवते, पुढं कामाला येईल.

२२ डिसेंबर, रविवार

वाटणी मोडली. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर.

आधी राऊटर एकटाच लॅपटॉपला जोडला, बाकी सगळं सोडवून. त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला; पुढचा डबा १९२.१६८.१.१ आहे, दोघांना एकच नंबर चालत नाही. मग त्याचं डीएचसीपी बंद केलं. डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटणारा. घरात पत्ते वाटणारा एकच पाहिजे, दोन झाले की कुणाला कुणाकडून काय मिळालं याचा पत्ता लागत नाही. शेवटी केबल निळ्यातून काढून पिवळ्या लॅनच्या भोकात. निळं भोक आता रिकामंच राहील. मोठीनं त्यावर सेलोटेप लावला.

आता तो राऊटर राहिला नाही, नुसता वायफायचा खांब झाला. दोन्हीकडं नाव एकच, पासवर्ड एकच, पुढं चॅनल ११, मागं १.

वायफायच्या सुरक्षेच्या यादीत अजून डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप दिसतं. ते २००१ सालीच फोडता येतं हे सिद्ध झालं होतं. त्याऐवजी नंतरचं डब्ल्यूपीए २ आणि त्यात एईएस निवडलं. आधी चुकून जुनं टीकेआयपी निवडलं होतं तर वेग ५४ वर येऊन बसला. पासवर्ड न टाकता जोडणारं डब्ल्यूपीएसचं बटणही बंद. त्याची आठ आकडी पिन अंदाजानं काढता येते. राऊटरमध्ये शिरायचा पासवर्ड ॲडमिनचा ॲडमिनच होता, तोही बदलला. वायफायचा जुना पासवर्ड दुकानाचा फोन नंबर होता, जो दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलेला आहे.

टेबलावर: उणे ४४. लॅपटॉप ते दुकान ७१. मागच्या घरात दार लावून, बारक्याच्या कोपऱ्यात: ६३.

एक खोड राहिली. पुढून मागं चालत आलं तरी फोन पुढच्या डब्यालाच चिकटून राहतो. कुणाला धरायचं आणि कधी सोडायचं हे फोन ठरवतो, राऊटर नाही. वायफाय बंद करून चालू केलं की जवळचा धरतो. डब्याची ताकद एक पायरी उतरवल्यावर बराच सुधारला.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. सगळा दिवस विंडोजमध्ये.

दुकानाचा कॉम्प्युटर पिंगला ("आहेस का?" या हाकेला) उत्तर देतो, फोल्डर उघडू देत नाही. तीन कारणं निघाली, एकावर एक बसलेली. पहिलं: माझ्या लॅपटॉपनं घराचं वायफाय पब्लिक समजून घेतलं होतं, बसस्टँडवरचं असल्यासारखं, त्यामुळं तो स्वतः कुणाला दिसत नव्हता. प्रायव्हेट केलं. दुसरं: दुकानात शेअरिंगच बंद. तिसरं, ज्यात दोन तास गेले: दुकानाच्या कॉम्प्युटरला पासवर्डच नाही. बटण दाबलं की उघडतो. विंडोज अशा बिनपासवर्डाच्या खात्याला समोर बसून येऊ देतं, नेटवर्कवरून येऊ देत नाही. पासवर्ड लावू का विचारलं तर दुकानदार म्हणाले, हंगामात गिऱ्हाईक उभं असताना पासवर्ड कोण टाकत बसणार? म्हणून शेअरिंगपुरतं वेगळं खातं केलं, त्याला पासवर्ड दिला, आणि फक्त "बिले" हे फोल्डर खुलं केलं.

विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० लाच थांबली. त्या मशीनवर दुकानाचा सगळा हिशेब. हे फार दिवस चालवायचं नाही. तोवर रोज रात्री नऊला हिशेबाची प्रत आपोआप मागच्या लिनक्सवर जाईल असं लावून ठेवलं.

संध्याकाळी मामांनी पहिली प्रिंट मागितली, शेताच्या सातबाऱ्याची. मागून बटण दाबलं, पुढं कागद निघाला. दुकानदारांनी तो हातात घेऊन मागं आणून दिला. एवढ्या खटाटोपानंतर बावन्न फूट शेवटी पायीच, पण ते असू दे.

३० डिसेंबर, सोमवार

वेळ अमावस्या. काम बंद, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर. ज्याला त्याला बोलावून जेवू घालायचा दिवस, औशात दुपारी कुत्रंही दिसत नाही. शेतात फोनला रेंज नाही आणि कुणाला तिची गरज पडली नाही. कोपीत बसून मला मात्र वाटत होतं की कडब्यातून सिग्नल कसा सरळ गेला असता.

५ जानेवारी २०२५, रविवार

ही नोंद लांबणार. गंमत इथं आहे.

मोठीची तक्रार: क्लासचे तास माझ्या लॅपटॉपवर लावले की अडकतात. लिनक्सचा कॉम्प्युटर तिच्या खोलीत, यूएसबीच्या छोट्या वायफाय काडीवर. राऊटर दहा फुटांवर. सिग्नल उणे ४८. तरी आयपर्फ: ९. हार्ड डिस्क काढून ठेवली आणि परत मोजलं: ३४. डिस्क लावली: ९.

डिस्क यूएसबी ३ ची, निळ्या भोकातली, आणि वायफायची काडी तिच्या शेजारच्याच भोकात. यूएसबी ३ चालू असताना तिच्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो. कानाशी भोंगा लावून दूरचं बोलणं ऐकायला सांगितल्यासारखं. सिग्नलचा आकडा चांगला दिसत होता, कारण त्या आकड्यात आवाज किती आला तेवढंच कळतं, शेजारी किती कालवा आहे ते नाही. काडीला मीटरभर एक्स्टेन्शन लावून ती खिडकीच्या चौकटीत चिकटवली. डिस्क चालू ठेवून: ३३.

पण तेहतीसच का? लॅपटॉप ते दुकान एकाहत्तर येतात. दोन्ही वेळा राऊटर तोच, खोली तीच. तासभर चॅनल बदलत बसले. मग वहीचं ७ डिसेंबरचं पान समोर आलं. रिपीटरचंच दुखणं! लॅपटॉप वायफायवर, लिनक्सही वायफायवर. एक दुसऱ्याशी थेट बोलत नाही. लॅपटॉप हवेतून राऊटरला सांगतो, राऊटर हवेतूनच लिनक्सला सांगतो. हवा एकच, वाट एकच, प्रत्येक शब्द दोनदा. दुकान तारेवर असल्यानं तिथं एकदाच. एकाहत्तरचे निम्मे साडेपस्तीस, आणि आलेत तेहतीस.

लिनक्सचा कॉम्प्युटर उचलून राऊटरशेजारी आणला, उरलेल्या केबलचा सहा फुटांचा तुकडा आणि दोन जॅक (दहा घेतले ते बरं झालं) लावून तारेनं जोडला. ७०. काडीची आता गरजच नाही, बारक्यानं पळवली.

शिकलेलं: ज्याच्याकडून सगळे मागतात तो तारेवर, जे मागतात ते हवेवर.

पुढच्या डब्याच्या पत्त्यांच्या यादीत दुकान आणि लिनक्स यांचे पत्ते कायमचे राखून ठेवले, १.५ आणि १.२०. मधे लाईट जाऊन आल्यावर दुकानाचा पत्ता बदलला होता आणि प्रिंटर हरवला होता.

१५ जानेवारी, बुधवार

दोन छोट्या गोष्टी.

लाईट गेली की इन्व्हर्टर धरतो, पण धरायच्या त्या क्षणात डबा बंद होऊन परत सुरू होतो आणि तीन मिनिटं जातात. दोन्हीकडं छोटे यूपीएस लावले. घेताना डबा आणि राऊटर दोघांचे अडॅप्टर वाचले (लेबल!). डबा १२ व्होल्टचा, जुना राऊटर ९ चा. पिन सारखीच बसते, म्हणूनच धोका.

दुसरं, काल संक्रांत झाली, आता हळदीकुंकवाला बायका येतील आणि दुकानात शेतकरी येतातच. सगळ्यांना पासवर्ड पाहिजे असतो. पुढच्या डब्यावर पाहुण्यांचं वेगळं वायफाय चालू केलं. त्यावरून नेट मिळतं, घरातलं काही दिसत नाही. १७ डिसेंबरची वाटणी इथं मुद्दाम केली.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी रस्त्याच्या कामाच्या जेसीबीनं फायबर उचकटलं. डब्यावर लाल दिवा. अख्खी गल्ली बंद. दुकानात यूपीआय बंद, गिऱ्हाईक सुट्ट्यावरून भांडतंय.

मी मागं आले तर मोठी हेडफोन लावून जीवशास्त्राचा तास ऐकत बसलेली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की नेट गेलंय. ११ फेब्रुवारीला बारावी सुरू होते, तिला सांगायची घाईही कुणाला नव्हती.

दुपारी दुकानदार मागं आले. "वायफाय बंद हाय, तुझी ती पेपरची प्रिंट पुढं पडलीय, ती कालची का?"

"आत्ताची."

"नेट न्हाई मग निघाली कशी?"

१७ डिसेंबरला लिहून ठेवलेलं त्यांचं वाक्य काढून दाखवलं. वायफाय चालू आहे. बंद आहे ते नेट. फाईल इथून निघून इथंच उतरली, औशाच्या बाहेर गेलीच नाही. ते थोडा वेळ राऊटरकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मग आजवर कुठं जात व्हती?"

२१ जानेवारी, मंगळवार

फायबर जोडून गेले. तीन दिवसांच्या हिशेबाच्या तिन्ही प्रती लिनक्सवर आहेत, उघडून तपासल्या. न उघडलेली प्रत ही प्रत नसते.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आले. राहिलेली कामं लिहून ठेवते.

मार्चपासून पत्र्याखाली भट्टी होते, राऊटर भिंतीच्या कोनाड्यात खाली उतरवायचा. ज्या भिंतीनं सिग्नल अडवला तिच्यातच गारवा आहे. विंडोज ७ चं मशीन बदलायचं, सोयाबीनचा हंगाम लागायच्या आत. आणि सगळ्यात महत्त्वाचं: अंगणातून गेलेली तार तांब्याची आहे. मे महिन्यात अवकाळीच्या विजा सुरू होतात. जवळपास कुठंही वीज पडली तरी असली तार दोन्ही टोकांची यंत्रं घेऊन जाते. तोवर त्या जागी फायबरचा तुकडा टाकायचा, काचेतून वीज जात नाही. नाही जमलं तर ढग आले की दोन्हीकडचे जॅक उपटायचे. हे काम मामांनी मागून घेतलंय.

आत्ता हे लिहिताना फोन वाजला. पुढून व्हॉट्सॲप: "बिले मधे फाईल टाकली आहे बघ."